जुन्या गाडीचे गिअर ऑइल : बदलावे की राहू द्यावे?

सदर : घरचा हिशेब



गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत आमचा धाकटा भाऊ गडचिरोलीहून चंद्रपूरला आला तो नव्या गाडीने. नवी म्हणजे त्याच्या घराला नवी. गाडी नऊ वर्षांची, मीटरवर ८४ हजार किलोमीटर, आणि ऑटोमॅटिक. क्लचचे पायडल नाही, डाव्या पायाला काम नाही. ही गाडी घेण्याचे कारणही तेच होते. आमच्या भावजयीचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. ती सावलीकडच्या एका शाळेत शिकवते. इतकी वर्षे रोज सकाळी कुणीतरी नेऊन सोडायचे, दुपारी कुणीतरी आणायचे. भावाला रजा नसली की एसटीच्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर मागून येणारे लोक. आता ती स्वतः गाडी चालवत वैनगंगेचा पूल ओलांडून शाळेत जाते. घरात शिलकीला टाकलेले जवळपास सगळे पैसे या गाडीत गेले होते.

जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "भाईजान, गाडी तापली की दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना हलकासा झटका देते. सकाळी देत नाही. दुपारी परत येताना देते."

भाऊ हसला. "जुनी गाडी आहे, एवढे तर चालणारच."

पण तिने वहीच काढली. तारीख, वेळ, ऊन किती, झटका कुठे बसला, सगळे लिहिलेले. दोन आठवड्यांत अकरा नोंदी, त्यातल्या दहा दुपारच्या. शिक्षिकेची वही आम्ही ओळखतो; ती उगाच लिहिलेली नसते. तेव्हा गाडी घेताना कुणीही न विचारलेला प्रश्न आम्ही विचारला, "याचे गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले होते?"

भावाने विकणाऱ्याला फोन लावला. ते गृहस्थ सज्जन. गाडी जपून वापरलेली. म्हणाले, "इंजिन ऑइल दरवर्षी बदलले. गिअरचे तेल? ते तर आयुष्यभराचे असते ना!"

म्हणजे नऊ वर्षे त्या तेलाला कुणी हात लावला नव्हता.

दोन जाणकार, दोन टोके

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. कोळशाच्या ट्रकांची कामे करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी ऐकून घेतले आणि हातच जोडले. "सर, याले हात लावू नका जी. इतके वर्ष जुनं तेल आहे. त्यातल्या बारीक कणांवरच आतल्या प्लेटा पकड धरून आहेत. नवं तेल टाकलं का गाडी स्लिप मारते. म्या पाह्यलं आहे."

तिथून एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. तिथल्या तरुणाने टॅबलेटवर हिशेब मांडला. त्यांच्याकडे मशीन होते. ते गिअरबॉक्सला जोडायचे, जुने तेल एका बाजूने बाहेर, नवे दुसऱ्या बाजूने आत, मधे सफाईचे औषध. "एकदम पूर्ण फ्लश करून टाकू सर, नव्यासारखी होईल."

एक म्हणतो थेंबही हलवू नका, दुसरा म्हणतो थेंबही ठेवू नका. दोघेही आपापल्या कामात मुरलेले. अशा वेळी घरातला माणूस काय करतो? ज्याचा खर्च कमी, त्याचे ऐकतो. भावाचा कल साहजिकच पहिल्याकडे होता. आम्ही म्हटले, दोन दिवस थांब. आधी हे तेल आत काय काम करते ते समजून घेऊ.

सगळ्या गाड्यांचे गिअर ऑइल एक नसते

आपल्याकडच्या बहुतेक घरांत हाताने गिअर टाकायची गाडी असते. तिच्या गिअरबॉक्समध्ये साधारण दोन-अडीच लिटर तेल असते. त्याचे मुख्य काम एकच, दातांना आणि बेअरिंगला वंगण देणे. क्लच प्लेट या तेलात बुडालेली नसते; ती वेगळ्या कोरड्या जागेत असते. म्हणून "नव्या तेलाने गाडी स्लिप होईल" ही भीती हाताच्या गिअरला लागूच होत नाही. जुने गार झालेले, पातळ पडलेले, धातूचा चुरा साठलेले तेल काढून योग्य नवे टाकले, तर नुकसान होण्याचे कारण नाही. जुनी गाडी घेतली आणि मागचा हिशेब माहीत नसला, तर सरळ बदलून घ्यावे.

इथे अट एकच, तेल योग्य असावे. आमच्या स्वतःच्या जुन्या गाडीत आम्ही एकदा बचतीच्या नादात दुकानात जे जाड तेल मिळाले तेच टाकून घेतले होते. डिसेंबरच्या सकाळी पहिला-दुसरा गिअर पडता पडेना. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. पुस्तिकेत पातळ दर्जाचे तेल लिहिले होते. ते टाकल्यावर गिअर सुरळीत पडू लागले. डब्यावर जाडीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ७५ डब्ल्यू ८० किंवा ७५ डब्ल्यू ९०. त्याशिवाय जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून तेल अधिक चांगले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जास्त असतात. मागच्या चाकांच्या डिफरन्शिअलला ती उपयोगी पडतात, पण गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्यांचा त्रास होऊ शकतो. पुस्तिकेत जे लिहिले तेच घ्यावे.

ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी. तिच्यातले तेल चार कामे करते. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर तेलावर फिरतो. गिअर बदलणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. दातांना वंगण तेच देते आणि उष्णताही तेच वाहून नेते. शिवाय प्लेटांनी किती घसरावे आणि किती धरावे हेही तेलातली द्रव्ये ठरवतात. म्हणून त्याला नुसते ऑइल न म्हणता ट्रान्समिशन फ्लुइड म्हणतात. मिस्त्री लोकांत 'एटीएफ' हा शब्द रूढ आहे. लाल रंग दिलेला असतो तो गळती झाल्यास इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखू यावे म्हणून.

हे द्रव्य किती नाजूक हिशेबाचे आहे याची एक गोष्ट वाचकांना नवल वाटेल अशी आहे. कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक गिअरव्यवस्था अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल मॉडेलात दिली. पुढे कित्येक वर्षे या फ्लुइडमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळले जात असे, कारण प्लेटांची पकड हळुवार ठेवण्याचा गुण त्यात होता. १९७० च्या सुमारास देवमासा वाचवण्यासाठी त्या तेलावर बंदी आली, आणि रसायनतज्ज्ञांना त्याला पर्याय शोधावा लागला. तेव्हा "तेल ते तेल, काय फरक पडतो" असे ऑटोमॅटिकच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आपल्याकडे तिसराही प्रकार आहे. २०१४ मध्ये सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत एएमटी आली. ही आतून हाताच्याच गिअरची गाडी असते. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे यंत्र करते. तिच्या गिअरबॉक्समध्ये साधे गिअर ऑइल असते आणि त्या यंत्राचे वेगळे थोडेसे तेल असते. चौथी सीव्हीटी. तिच्यात दात नसून पट्टा आणि पुल्या असतात आणि तिला फक्त सीव्हीटीचेच फ्लुइड चालते. दुसरे टाकले तर पट्टा घसरून खराब होतो. ओळखायचे कसे? दांड्याजवळची अक्षरे पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच एएमटी गाड्यांत 'पी' हे अक्षर नसते. पण खात्री गाडीच्या पुस्तिकेनेच करावी. पुस्तिका हरवली असेल तर गाडीचा चेसिस नंबर देऊन अधिकृत दुकानात विचारता येते.

'आयुष्यभराचे तेल' म्हणजे कुणाच्या आयुष्यभराचे?

विकणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे अगदीच मनाचे नव्हते. काही कंपन्या पुस्तिकेत खरोखर तसे लिहितात. पण अनेक मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा उशिरात उशिरा ८ वर्षांनी बदलावे असे सांगते. ज्याने यंत्र बनवले तो बदला म्हणतो आणि ज्याने गाडी विकली तो नको म्हणतो, तेव्हा आपण कुणाचे ऐकावे हे सांगायला नको. पहिल्या मालकाकडे गाडी सात-आठ वर्षे राहते. तेवढ्यापुरते ते तेल 'आयुष्यभराचे' ठरते. त्यानंतरचे आयुष्य ज्याचे, तो दुसरा मालक म्हणजे आपण.

शिवाय पुस्तिकेत दोन वेळापत्रके असतात, एक साधे आणि एक 'खडतर वापराचे'. खडतर म्हणजे काय हेही दिलेले असते. कडक ऊन, सतत थांबत-चालत जाणे, जास्त ओझे, डोंगराळ रस्ता, छोटे छोटे फेरे. चंद्रपूरचा मे महिना वाचकांना सांगायला नको. पारा ४६-४७ अंशांना टेकतो. घुग्घुस, बल्लारपूर, राजुऱ्याच्या रस्त्यावर कोळसा आणि सिमेंटच्या ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणे हा तर रोजचा भाग. तेलाचा एक ढोबळ नियम आहे. त्याचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे कुजणे जवळपास दुप्पट वेगाने होते. आपण सारे खडतर वेळापत्रकातले लोक आहोत, आणि वाचतो मात्र साधे वेळापत्रक.

मिस्त्रीचे म्हणणे कुठे खरे, कुठे चुकीचे

जुन्या मिस्त्रीला आम्ही खोटे ठरवत नाही. त्यांनी तेल बदलल्यावर गाड्या बंद पडलेल्या पाहिल्या आहेत, हे खरेच असणार. पण ते तेल कधी बदलले गेले होते ते पाहा. आपल्याकडे ऑटोमॅटिकचे तेल लोक तेव्हाच बदलतात जेव्हा गाडी आधीच स्लिप होऊ लागते. इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही. म्हणजे प्लेटा आधीच झिजलेल्या असतात. नवे तेल घातले, आठ दिवसांत गाडी थांबली, आणि दोष तेलाला गेला. शेवटच्या घटकेला रुग्ण दवाखान्यात न्यावा आणि "दवाखान्यात नेला म्हणून गेला" असे म्हणावे, त्यातला हा प्रकार.

तरी त्यांच्या भीतीत थोडे तथ्य आहे, आणि ते मशीनच्या फ्लशविषयी आहे. वर्षानुवर्षे साठलेला गाळ तळाशी आणि कोपऱ्यांत बसलेला असतो. जोराने तेल फिरवले, त्यात सफाईचे औषध घातले, तर तो गाळ सुटून केसासारख्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. तिथूनच गिअर बदलण्याचा दाब जातो. ज्या गाडीचे तेल वेळच्या वेळी बदलले आहे, तिला फ्लशने फारसा धोका नाही. ज्या गाडीचा मागचा काहीच हिशेब नाही, तिला एकदम धुऊन काढणे ही जोखीम आहे. आणि वर्कशॉपातल्या तरुणाने आम्हाला मागचा हिशेब विचारलाच नव्हता.

तीन प्रश्न

शेवटी आम्ही किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवून तीन प्रश्न मांडले. जुनी गाडी घेणाऱ्या कोणत्याही घराला ते उपयोगी पडावेत.

पहिला : गाडी आज गिअर कसे बदलते? सकाळी थंड असताना आणि तासभर चालून तापल्यावर, दोन्ही वेळा चालवून पाहावे. 'डी' मध्ये टाकल्यावर गाडी लगेच धरते की दोन-तीन सेकंद विचार करते? चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे होते का? भावजयीची गाडी स्लिप होत नव्हती. तापल्यावर फक्त एक हलका झटका होता. म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती.

दुसरा : मागचा हिशेब काय? बिले आहेत का? नसतील तर तेल कधीच बदललेले नाही असेच धरावे. आमच्याकडे उत्तर स्पष्ट होते, नऊ वर्षे काहीच नाही.

तिसरा : तेल स्वतः काय सांगते? बऱ्याच नव्या गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते; गाडी वर उचलून लेव्हलच्या बोल्टमधून थोडे तेल घ्यावे लागते. पांढऱ्या कापडावर दोन थेंब टाकून पाहावेत. लालसर किंवा तपकिरी असेल तर चालते. काळे आणि जळका वास येणारे असेल तर प्लेटा जळत आहेत. दुधाळ गुलाबी असेल तर आत पाणी शिरले आहे. तेल काढताना खालच्या बोल्टवरचे चुंबक पुसून पाहावे. करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर घाबरू नये, ती रोजची झीज आहे. धातूचे टोचणारे तुकडे निघाले तर तेलाची चर्चा तिथेच थांबवावी आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडे जावे.

आमचे तेल गडद तपकिरी निघाले. वास जळका नव्हता. चुंबकावर मऊ लेप होता, तुकडे नव्हते. तीनही उत्तरे एकाच दिशेने होती. गाडी आजारी नाही, पण उपेक्षित आहे. तेल बदलायचे, मात्र हळूहळू.

टप्प्याटप्प्याने बदल

ऑटोमॅटिकचा खालचा बोल्ट काढला तरी सगळे तेल बाहेर येत नाही. निम्म्याहून अधिक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. समजा एका वेळी ४० टक्के निघते. मग शाळेच्या फळ्यावर मांडावे तसे मांडू. पहिल्या बदलानंतर जुने तेल राहिले ६० टक्के. दुसऱ्या बदलात त्या ६० पैकी ४० टक्के गेले, उरले ३६. तिसऱ्यानंतर उरले साधारण २२. तीन वेळा सावकाश बदलले की पाऊण भागाहून अधिक तेल नवे होते, आणि कुठेही जोराचा मारा होत नाही. दोन बदलांमध्ये हजार-दोन हजार किलोमीटर गाडी चालू द्यायची, म्हणजे नव्या तेलात जुना गाळ थोडा थोडा मिसळून पुढच्या वेळी बाहेर येतो. फिल्टर बदलण्याजोगा असेल तर पहिल्याच वेळी बदलावा.

वर्कशॉप तेच ठेवले, पण काम आमच्या सांगण्याप्रमाणे. तीन गोष्टी पुढे उभे राहून करून घेतल्या. एक, निघालेले तेल मापात मोजले आणि तेवढेच नवे घातले. दोन, तेल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच, डबा आमच्यासमोर उघडलेला. तीन, लेव्हल शेवटी इंजिन चालू ठेवून, तेल सांगितलेल्या तापमानाला आल्यावर तपासली. थंड तेलावर लेव्हल भरली तर चुकते. कमी झाले तर दाब मिळत नाही, जास्त झाले तर फेस होतो. फ्लशच्या औषधाला नाही म्हटले.

खर्च तीन वेळचा, साहजिकच एका फ्लशपेक्षा थोडा जास्त. भावाने कुरकुर केली. भावजयीने हिशेब सांगितला, "गिअरबॉक्स उघडायचा तर लाखाच्या घरात जाईल असे तेच म्हणाले. तीन वेळच्या तेलात माझे निदान दोन-तीन वर्षे शाळेत जाणे पक्के होत असेल, तर मला ते महाग नाही." त्यावर कुणी काही बोलले नाही.

हेच ज्याची गाडी आधीच स्लिप होत होती त्याचे कसे झाले तेही सांगायला हवे. आमच्या मोहल्ल्यातील एका परिचिताने त्याच सुमारास, आमचे ऐकून, आपल्या ऑटोमॅटिकचे तेल बदलले. तिची चढावरची पकड सुटलेली होती आणि तेल काळे जळके होते. तेलाने काहीच सुधारले नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागला आणि नवे तेल वाया गेले. त्याने आधी तपासणी केली असती तर तेवढे पैसे वाचले असते. नवे तेल हे पथ्य आहे. प्लेटा जळाल्यावर ते औषध म्हणून चालत नाही.

पाण्यातून गेलेली गाडी

आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. भामरागडला पर्लकोटा दर पावसाळ्यात पुलावरून वाहते. जुलै २०२२ मध्ये इरई आणि वर्धेचे पाणी चंद्रपूरच्या कितीतरी वस्त्यांत शिरले होते. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. इंजिन बंद न पडता गाडी पलीकडे गेली, म्हणून आपण निश्चिंत होतो. हाताच्या गिअरमध्ये त्या पाण्याने बेअरिंग गंजते. ऑटोमॅटिकमध्ये प्लेटांवरचा थर फुगून सुटतो.

ताडोब्याच्या मोहर्ली फाटकाशी उभ्या राहणाऱ्या जिप्सींसारख्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत तर तेलाच्या जागाच चार असतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे आणि मागचे डिफरन्शिअल. चारही तपासाव्या लागतात. तेव्हा चाकाच्या मध्यापर्यंत पाणी लागलेली गाडी घरी आली की किलोमीटर मोजत बसू नये. त्याच आठवड्यात तेल पाहावे, आणि दुधाळ दिसले तर लगेच बदलावे. पावसाळ्यानंतर स्वस्तात मिळणारी जुनी गाडी घेतानाही हे तेल आधी पाहावे. सीटचे कव्हर नवे घालता येते, गिअरबॉक्समधले पाणी लपवता येत नाही.

काढलेल्या तेलाचे काय?

खेड्यात जुने तेल बैलगाडीच्या आखाला, दाराच्या लाकडाला वाळवीसाठी लावतात. उरलेले नालीत. हे करू नये. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. नालीतून ते इरईत जाते आणि इरईचे पाणी आपल्याच शहराच्या नळाला येते. तेल बदलून घेतो त्याच वर्कशॉपात ते पिंपात जमा होते का, एवढे विचारावे.

आज

तिसऱ्या बदलाला आता चार महिने झाले. शेवटी काढलेले तेल लालसर तपकिरी होते. पहिल्या वेळच्या काढ्यासारखे नव्हते. झटका गेला का? पूर्ण गेलेला नाही. वहीत गेल्या महिन्यात दोन नोंदी आहेत, दोन्ही ४५ अंशांच्या वरच्या दुपारच्या. पूर्वी दोन आठवड्यांत अकरा होत्या. जे झिजले ते तेलाने परत येत नाही. पुढे झिजणे मंदावते, एवढेच.

मिस्त्रींना आम्ही हे सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, "सर, तुमचं नशीब चांगलं होतं." आम्ही वाद घातला नाही. मात्र निघताना त्यांनी विचारले, "तेल कोणतं टाकलं म्हणता?" आणि नाव कागदावर लिहून घेतले.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी या आठवड्यात दोन कामे करावीत. पुस्तिका काढून 'खडतर वापर' हे पान वाचावे. आणि गाडी जो रोज चालवतो, मग तो मुलगा असो, सून असो की ड्रायव्हर, त्याला विचारावे की गिअर बदलताना काही वेगळे जाणवते का. आमच्या घरी ते सर्वात आधी तिलाच कळले होते, आणि आम्ही तिचे ऐकायला दोन आठवडे लावले.

पुढच्या अंकी, इन्शाअल्लाह, उन्हाळ्यातल्या वीजबिलाचा हिशेब घेऊन भेटू.